परत पाठवलेल्यांची वही: सोसायटीतलं रक्तदान शिबिर आणि त्यानंतरचे चार महिने

रक्तदान शिबिरात पहिल्या टेबलावर एका छोट्या बाटलीत निळं पाणी असतं. ते मोरचुदाचं द्रावण. बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब त्यात सोडतात. थेंब सरळ तळाला गेला, तर हिमोग्लोबिन १२.५ किंवा त्याहून जास्त आहे असं धरतात. वरच घुटमळला, तर पुढच्या खाटेपर्यंत जाता येत नाही. द्रावणाची घनता १.०५३ ठेवलेली असते, त्याची ही सगळी करामत. हल्ली बऱ्याच रक्तपेढ्या छोटं यंत्र आणतात आणि थेट आकडा सांगतात. पण मला अजून ती निळी बाटलीच आठवते, कारण आमच्या सोसायटीच्या पहिल्या शिबिरात माझाच थेंब तरंगला. बॅनर मी लिहून घेतलेला, मांडववाल्याशी घासाघीस मी केलेली, सकाळी सातपासून कमरेला पदर खोचून उभी मी, आणि तंत्रज्ञ मुलगी म्हणते, “ताई, तुमचं आज नको. पालक-बीट खा, पुढच्या वेळी या.”

पुढच्या वर्षी पुन्हा तरंगला. त्या दिवशी मी दाराशी बसून नुसती बघत राहिले. परत जाणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या. प्रत्येकीला तेच पालक-बीट सांगितलं जात होतं आणि प्रत्येक जण ‘बरं’ म्हणून घरी जात होती. संध्याकाळी आम्ही किती बाटल्या झाल्या ते मोजून फोटो काढला. परत गेलेल्यांचा हिशेब कुणीच ठेवला नव्हता.

तिसऱ्या शिबिरापासून आम्ही एक वही घातली. पुढे जे लिहिलं आहे ते त्या वहीभोवतीचं आहे. शिबिर कसं घ्यायचं हे यात आहेच. पण माझ्या मते रविवारची ती सकाळ सोपी असते, खरं काम सोमवारी सुरू होतं.

आधी कॅलेंडर बघा

पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार. त्यामुळे वर्षातून एकच मोठं शिबिर घेण्यापेक्षा दर चार महिन्यांनी छोटं घ्यावं, म्हणजे दोघांनाही प्रत्येक वेळी येता येतं. आम्ही फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबर धरतो.

छोटं आणि वारंवार, यामागे आणखी एक कारण आहे. रक्त साठवून ठेवायला मर्यादा असते. नेहमीच्या पिशवीतलं पूर्ण रक्त ३५ दिवस टिकतं, त्यातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला एकाच दिवशी गावभर शिबिरं होतात आणि पुढे महिनाभर कुणी फिरकत नाही. रुग्णाला मात्र गरज तारखा बघून लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत कॉलेजं बंद असतात, माणसं गावी गेलेली असतात, तेव्हा रक्तपेढ्यांचे फ्रीज रिकामे व्हायला लागतात. म्हणून जूनचं शिबिर आम्ही होईल तितकं अलीकडे, पहिल्याच रविवारी ओढतो.

ऑक्टोबरची तारीख धरताना नवरात्र कुठे येतंय ते बघा. एकदा आम्ही बघितलं नव्हतं. अर्ध्या बायकांना नऊ दिवसांचे उपवास आणि उपाशीपोटी रक्त घेत नाहीत. “साबुदाणा खाल्लाय की” असं म्हणून कुणी हट्ट धरला, तरी शहाण्या आयोजकाने तिला हात जोडावेत. रमजान आणि मोठ्या एकादश्याही बघून ठेवा.

रक्तपेढीशी काय बोलायचं

तारखेच्या किमान सहा आठवडे आधी परवानाधारक रक्तपेढीत जा. नुसता फोन करू नका, जाऊन बसा. विचारायचं ते असं: किती खाटा आणि किती माणसं आणणार, डॉक्टर पूर्ण वेळ हजर असतील का, शिबिराची रीतसर परवानगी आणि कळवाकळवी कोण करणार, रक्ताचे घटक वेगळे करायची सोय आहे का. घटक वेगळे झाले तर एका पिशवीतल्या तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स वेगवेगळ्या रुग्णांना देता येतात. आणखी एक प्रश्न जरूर विचारा: तपासणीत काही दोष निघाला तर दात्याला कसं कळवता? प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गरमी (सिफिलिस) आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. तो निकाल दात्यालाच, खाजगीत, कळला पाहिजे. आयोजकाच्या हाती यादी देणारी रक्तपेढी असेल तर तिथून उठा.

भेटवस्तूचा विषय निघेलच. कुणी बॅग देतं, कुणी हेल्मेट. आमच्या कमिटीतही यावरून वाद झाला. माझं मत तेव्हाही हेच होतं की वस्तूच्या आशेने आलेला माणूस आजार लपवतो. पैसे घेऊन रक्त देणारे लोक याच कारणाने धोक्याचे ठरले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून, देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. ती बंदी मागच्या दाराने मोडायची कशाला? प्रमाणपत्र, कॉफी, केळं आणि बिस्किटं एवढं पुरे.

जागा आणि माणसं

तळमजल्यावरची, हवेशीर, पंखे आणि जवळ संडास असलेली जागा बघा. समाजमंदिर किंवा शाळेचा वर्ग चालतो. भर पार्किंगमध्ये घेऊ नका. दाता ज्या दाराने आत येतो त्याच दाराने बाहेर जात असेल तर गोंधळ ठरलेला, म्हणून नोंदणी, तपासणी, खाटा आणि चहापाणी अशी सरळ रांग लावा.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे डॉक्टरांचा कोपरा. तिथे पाळी, गर्भपात, दारू, लैंगिक संबंध, जुने आजार असे प्रश्न विचारतात. शेजारच्या खुर्चीवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बसल्या असतील तर खरं कोण सांगणार? तो कोपरा पडदा लावून इतका लांब ठेवा की बोलणं ऐकू येता कामा नये. आणि दात्यांच्या आजारांचे फॉर्म सोसायटीच्या स्वयंसेवकांनी भरू नयेत, ते रक्तपेढीच्या माणसांचं काम.

स्वयंसेवक आठ-दहा पुरतात. पन्नाशीनंतरची, निवृत्त, स्वतः रक्त देऊ न शकणारी माणसं यात सर्वांत उपयोगी, हा माझा अनुभव. वयाची अट ६५ पर्यंत आहे, पहिल्यांदाच देणाऱ्याला ६० पर्यंत. त्यापुढची मंडळी “आता आमचा काय उपयोग” म्हणून घरी बसतात. त्यांना दोन जणांच्या जोड्या करून जिन्याजिन्याने पाठवा. व्हॉट्सॲपवरच्या निरोपाला अंगठा मिळतो, दारात उभ्या राहिलेल्या आजोबांना मात्र तारीख द्यावी लागते.

त्या भेटीत एक कागद द्यायचा, त्यावर मोठ्या अक्षरात एवढंच:

– वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो.
– आदल्या रात्री नीट झोप. रात्रपाळी करून थेट येऊ नका. आदल्या दिवशी दारू नको.
– येण्याआधी पोटभर नाश्ता, अर्धा लिटर पाणी.
– वरचं बीपी १०० ते १४०, खालचं ६० ते ९०. गोळी घेऊन या मर्यादेत असेल तरी चालतं.
– मधुमेहाला इन्शुलिन चालू असेल तर नाही. गोळ्या असतील आणि गेल्या चार आठवड्यांत डोस बदलला नसेल तर विचारा.
– गोंदण, टॅटू किंवा कान टोचणं झालं असेल तर एक वर्ष थांबा. डेंग्यू होऊन गेल्यावर सहा महिने, टायफॉइडनंतर एक वर्ष.
– पाळी चालू असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना नको.
– शेवटचा शब्द डॉक्टरांचा.

हा कागद फ्रिजवर लागला की परत जाणाऱ्यांची संख्या तिथेच निम्म्यावर येते, कारण निम्मी माणसं झोप आणि नाश्ता या दोनच गोष्टींवर अडकतात.

शिबिराचा दिवस

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, रक्तपेढीची माणसं सराईत असतात. पाणी भरपूर ठेवा. रक्त दिल्यावर पंधरा मिनिटं बसवल्याशिवाय कुणाला सोडू नका, विशेषतः अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना. तीच मित्रांसमोर टुणकन उठतात आणि जिन्यात भोवळ येऊन बसतात. कुणाला घाम फुटला, चेहरा पांढरा पडला तर आहे तिथे आडवं करा, पाय उशीवर उंच करा, गर्दी हटवा आणि डॉक्टरांना बोलवा. कांदा हुंगवणाऱ्या काकांना चहाच्या टेबलावर पाठवा. सुई टोचलेल्या हाताने त्या दिवशी सिलिंडर उचलायचा नाही, जिमला जायचं नाही.

दाराशी एक खुर्ची मात्र विचारपूर्वक भरा. तिथे परत जाणारा माणूस भेटतो. तो ओशाळलेला असतो, घाईत निघून जायला बघतो. त्याला आधी कॉफी द्या. रक्त दिलेल्याइतकाच त्याचाही केळ्यावर हक्क. मग वहीचं विचारा.

वही

साधी शंभर पानी. नाव लिहायचं नाही, आम्ही एक क्रमांक देतो आणि फोन नंबर घेतो. मग कारण, आकडा असेल तर आकडा, आणि पुढच्या शिबिराची तारीख. कारणही त्या माणसाने स्वतःहून सांगितलं तरच. डॉक्टरांनी कशावरून थांबवलं हे आपण खोदून विचारायचं नाही. “डॉक्टर नको म्हणाले” एवढं पुरे. वही एकाच व्यक्तीकडे राहते, तिचा फोटो कुठल्याही ग्रुपवर जात नाही. हे एकदा मोडलं की पुढच्या वेळी वहीत कुणी ओळ देणार नाही.

आमच्या वहीतली सर्वांत मोठी रांग हिमोग्लोबिनची आहे. आश्चर्य नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के. इथे एक बारकावा आहे. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात, रक्तदानाला मात्र १२.५ लागतं. म्हणजे १२.२ असलेली बाई आजारी नाही, फक्त तिच्याकडे द्यायला शिल्लक नाही. हे दाराशीच नीट सांगितलं की चेहऱ्यावरची भीती जाते.

बाराच्या आसपासचे सोडून बाकीच्यांना, म्हणजे नऊ, दहा, साडेदहावाल्यांना, आधी डॉक्टरांकडे पाठवा. पाळीत अति रक्तस्राव, मूळव्याध, जंत, बी-१२ ची कमतरता, यातलं काहीही मुळाशी असू शकतं आणि त्यावर भाजी हा उपाय नाही. लोहाच्या गोळ्याही डॉक्टरांनी सांगितल्यावरच. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी आणि गोळ्या मिळतात. गोळी सुरू झाल्यावर शौचाला काळं होतं, त्याने घाबरून अर्ध्या जणी दोन आठवड्यांत बंद करतात. हे आधीच सांगून ठेवा.

मग स्वयंपाकघर. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं, ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्याशी भांडण्यात मी फार वेळ घालवला. बिटात लोह बेताचंच असतं. गूळही चिमूटभराने काही करत नाही. त्यापेक्षा बाजरीची भाकरी, चवळी-मटकीसारखी मोडाची कडधान्यं, राजगिरा, अळीव, तीळ, माठ आणि चवळईची पानं यांच्याकडे बघा. खाणाऱ्यांनी मटण, कलेजी. मांसातलं लोह शरीर पटकन उचलतं, भाजी-धान्यातलं मात्र सोबत काय खातो त्यावर अवलंबून. लिंबू पिळलं, आवळा-पेरू खाल्ला तर जास्त शोषलं जातं. वर चहा प्यायला तर अडतं. म्हणून आमच्या वहीतला पहिला नियम एका ओळीचा आहे: जेवणानंतर तासभर चहा नाही. चहा सोडायला सांगितलं असतं तर एकीनेही ऐकलं नसतं, आणि मीही नाही.

दुसरा नियम कढईचा. फोडणीच्या भाज्या लोखंडी कढईत करा, आमटीत टोमॅटो, चिंच असं आंबट असेल तर लोखंड त्यात जास्त उतरतं. शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर चव आणि रंग दोन्ही बिघडतात.

पण पालेभाजी. सगळ्यांना माहीत असतं की खावी, आणि आठवड्यातून एकदाही होत नाही. आम्ही विचारत गेलो तेव्हा कारण निघालं अगदी साधं: निवडायचा कंटाळा. सातला घरी पोचलेली बाई आठच्या जेवणासाठी माठाच्या दोन जुड्या निवडत बसणार आहे थोडीच? तेव्हापासून बुधवारची भाजी सुरू झाली. दोघं सकाळी मंडईतून दहा घरांसाठी जुड्या आणतात. संध्याकाळी पाचला क्लबहाऊसमध्ये वर्तमानपत्रं पसरून सगळे निवडायला बसतात. त्यातले बहुतेक पासष्टीपुढचे, रक्त देऊ न शकणारे. निवृत्त बँकवाले एक काका देठ अशा हिशेबाने वेगळे करतात की बघत राहावं. घरी आयुष्यात त्यांनी जुडी सोडवली नव्हती, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं. सहाला निवडलेल्या भाजीच्या पिशव्या दारांना लटकतात. धुवायची मात्र ज्याची त्याने, शिजवण्याच्या आधी.

हे सुरू करायचं तर तीन गोष्टी पाळा. पैसे महिन्याचे आगाऊ घ्या, दर बुधवारी दहा-वीस रुपयांचा हिशेब नको. पावसाळ्यात पालेभाजी खराब येते, तेव्हा कडधान्यं भिजवून मोड काढून वाटा. आणि दहा घरांच्या वर जाऊ नका, अकरावं घर आलं तर दुसरा गट करा.

वहीतली दुसरी रांग बीपीची. इथे घाई करू नका. जिना चढून आलेल्या, सुई बघून घाबरलेल्या माणसाचं बीपी वाढतंच. दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा बघायला सांगा. वेगवेगळ्या दिवशी दोनदा जास्त आलं तर डॉक्टर. घरात एकच गोष्ट धरायला सांगतो: ताटातलं डावं. लोणचं, पापड, वाढलेलं मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ म्हणते, म्हणजे सपाट छोटा चमचा, आणि त्यात आमटी-भाजीतलंही आलं. सोबत आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. जिन्याजिन्याने कागद वाटणाऱ्या जोड्या आमच्याकडे शिबिर संपल्यावरही फिरत राहिल्या, हे ठरवून झालेलं नाही.

चार महिने का लागतात, असं सगळे विचारतात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, नवा साठा हळूहळूच भरतो. आठवडाभराच्या रसाने काही हलत नाही. सवयीचंही तसंच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर एक अभ्यास केला होता. रोजची नवी गोष्ट आपसूक व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्यातली मला आवडलेली बाब म्हणजे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नव्हतं. लग्नाच्या पंगतीत जेवणावर चहा झाला तर झाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तासभर.

दीड महिन्याने वही सांभाळणारीने प्रत्येक नंबरावर एक फोन करायचा. “खाताय ना?” असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. “काल जेवून चहा किती वाजता घेतला?” असं विचारा. पुढच्या शिबिराच्या दोन आठवडे आधी आम्ही जवळच्या प्रयोगशाळेशी बोलून एका संध्याकाळी हिमोग्लोबिन तपासून घेतो, म्हणजे त्या दिवशी चारचौघांत पुन्हा थेंब तरंगायची वेळ येत नाही.

माझा पाचव्या शिबिरात बुडाला. आधी गोळ्या तीन महिने, मग कढई आणि चहा.

काहींचा मात्र सगळं नीट करूनही तरंगत राहतो. आमच्याकडे एका तरुणाचा तीनदा तरंगला. गोळ्या झाल्या, भाजी झाली, आकडा हलेना. डॉक्टरांनी वेगळी तपासणी करायला सांगितली आणि तो थॅलेसेमिया मायनर निघाला. म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा फक्त वाहक, स्वतः आजारी नव्हे. त्याला लोह कमी नव्हतंच, उगाच गोळ्या घेणं उलट चुकीचं. पण लग्नाआधी जोडीदाराची तपासणी करायलाच हवी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता २५ टक्के, आणि त्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. म्हणून वहीत आम्ही आता एक रकाना वाढवलाय: दोन शिबिरांत आकडा हललाच नाही तर या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. रकाना त्यानेच आखला. दाराशी कॉफी घेऊन हल्ली तोच बसतो.